घसा दुखला तर

आईच्या हाताची थरथर थांबली तो दिवस मला अजून आठवतो. ती चुलीपुढं बसून बाजरीची भाकरी थापत होती आणि भाकरी गोल झाली. तुम्ही म्हणाल, भाकरी गोलच असते. पण त्याआधीचं सगळं वर्ष आमच्या घरात भाकरी गोल नव्हती. कडा फाटलेल्या, मधेच जाड, कधी तव्यावर टाकताना मोडलेली. आईचे हात असे हलायचे की काठवटीतलं पीठ आपोआप उडायचं. डोळे मोठे झाले होते, मान पुढून सुजल्यासारखी दिसायची. पोटभर खाऊनही ती वाळत चालली होती आणि थंडीच्या दिवसांतही तिला घाम यायचा. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले तर तिच्या छातीची धडधड मला कानात ऐकू यायची, जणू ती धावत आलीय आणि धावायची थांबतच नाही.

आमचं गाव म्हसवड आणि दिघंचीच्या मधे, माणदेशात. पाऊस आमच्याकडं वाट चुकून आल्यासारखा यायचा. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूनं खाली कोकणाकडं उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. तेवढे महिने घरात आम्ही तिघी. आई, मी आणि गोदाआत्या. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडं आलेली. मेंढरं गेली की वाडगं रिकामं व्हायचं आणि घराचे आवाज बदलायचे. बेंबाटणं बंद, घंटा बंद. मग आत्याच्या चरख्याची घरघर ऐकू यायची आणि शेजारच्या सणगराच्या घरातून घोंगडीच्या मागाचा धपधप आवाज. दुपारी हुलग्याचं माडगं शिजायचं, त्याचा तो मातीसारखा वास. आज मी साताऱ्यात राहते, दुकानात हुलगे मिळतात, माडगंही करते. वास तोच येतो, पण तो आवाज नसताना ते माडगं अर्धवटच वाटतं.

आईच्या आजारात सगळ्यात वाईट होतं ते तिचं चिडणं. ती मुळात शांत बाई. पण त्या वर्षी कशावरूनही पेटायची. एकदा कालवणात मीठ जास्त झालं म्हणून मी नुसती हसले, तर तिनं चुलीतला चिमटा उचलून माझ्या दंडावर मारला. तापलेला होता. मग स्वतःच माझा हात धरून इतकी रडली की मलाच तिला गप्प करावं लागलं. आत्या म्हणायची, "वैनी, तुमास्नी झालंय काय ह्ये?" आणि आई म्हणायची, "मला काय म्हाईत, वन्सं. आतून कुणीतरी पळवतंय मला." त्या दंडावरची खूण आता पुसट झालीय. पण त्या वर्षी मी घरात पाऊल टाकताना आधी आईचा चेहरा बघायची आणि मगच दप्तर खाली ठेवायची.

मेंढरं घेऊन निघायच्या आधी आबांनी तिला सांगलीला नेलं. मीही बरोबर होते, कारण मी नववीत होते आणि घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. तिथल्या दवाखान्यातले थोरले डॉक्टर उंच, पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. त्यांनी आईला पाणी प्यायला लावून तिच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि सांगितलं, गळ्यातली गाठ गरजेपेक्षा जास्त काम करतेय, म्हणून शरीर पळतंय. गोळ्या दिल्या, दिवसातून तीनदा. आई पडद्यामागं लुगडं नीट करत होती, आबा औषधाच्या खिडकीकडं गेले होते, तेव्हा डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं.

"वाचता येतं ना तुला?"

"येतं."

त्यांनी केसपेपरच्या मागं मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं: घसा दुखला, ताप आला किंवा तोंड आलं तर गोळी बंद. त्याच दिवशी रक्त तपासणे. खाली दोन रेघा मारल्या. म्हणाले, "हजारात एखाद्यालाच होतं. पण झालं तर वेळ नसतो. घरी सगळ्यांना सांग."

मी मान हलवली. कागदाची घडी घातली. बाहेर बाकावर बसलेली आई आबांना म्हणत होती, "ह्या असल्या गोळ्यांनी काय झालं म्हंजी? आधीच आतनं पेटलीया मी. एक दिस जरी पोटात दुखलं तर वड्यात टाकून देणार, सांगून ठेवते." आबांनी मला विचारलं, "काय म्हनलं डाक्टर?"

मी म्हणाले, "दिवसातनं तीनदा. चुकवायची न्हाई."

एवढंच. कागद घरी आल्यावर भूगोलाच्या पुस्तकात गेला. मला वाटलं, हे सांगितलं तर ती गोळी घेणारच नाही. हजारात एक. आणि मला माझी आई परत हवी होती.

गोळ्यांनी ती परत आली. महिनाभरात घाम गेला, छातीची धडधड मंदावली, भाकरी गोल झाली. एके दिवशी मी शाळेतून आले तर ती आत्याबरोबर लोकर पिंजत बसली होती आणि दोघी कशावर तरी हसत होत्या. मी दप्तर तसंच खांद्यावर ठेवून दारात उभी राहिले. गोळ्या द्यायचं काम माझ्याकडं होतं. सकाळची शाळेत जायच्या आधी, संध्याकाळची आल्यावर. दुपारची मी कागदात बांधून आत्याकडं ठेवायची. सुट्टीच्या दिवशी तिन्ही माझ्या हातानं. आई हात पुढं करायची, मी तळहातावर ठेवायची, तीच माझी पूजा होती.

सुमारे दोन महिने झाले असतील. आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. आमच्याकडं ते रोजचंच. काटा मोडला की दोन दिवसांत टाच लाल होते, ठणकते, पू होतो आणि पुवाबरोबर काटा आपोआप बाहेर येतो. आत्यानं हळद-तेल लावून चिंधी बांधली. तीन-चार दिवसांनी सोडून बघितली तर टाच जशीच्या तशी. एक काळसर ठिपका, बस. आत्याला अभिमान वाटला. "बघ, हळदीचा गुन. पू सुदिक झाला न्हाई."

आई म्हणाली, "पर दुखतंय लय."

त्यानंतर एका शनिवारी तिचा घसा दुखायला लागला. आवाज बसला. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की चिंच खाल्ली असेल, किंवा आडाचं गार पाणी. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं. मी तिला तिन्ही गोळ्या दिल्या. रविवारी ताप आला. आत्यानं तिला उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून बघितलं. "वैनी, आत तर काय दिसत न्हाई. गाठ न्हाई, पू न्हाई. दोन फोड दिसत्यात निस्ते." मी मागं उभी होते. दोन फोड हे शब्द मी ऐकले. भूगोलाचं पुस्तक फळीवर होतं, हात लांब केला असता तर लागलं असतं. त्या कागदावरचं एक न् एक अक्षर मला पाठ होतं, आणि तरी मी ते पुस्तक उघडलं नाही. उघडलं असतं तर गोळी बंद झाली असती, आणि ती चिमट्याची आई परत आली असती. असं मी त्या वयात खरंच ठरवलं. आज लिहिताना हात थांबतो. पण ठरवलं होतं हे खरं.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. दुपारपर्यंत तिच्या ओठांच्या आत, हिरड्यांवर पांढुरके व्रण पडले होते. पाणी गिळताना ती डोळे मिटून घ्यायची. दुपारची गोळी तिला गिळता येईना. मी ती वाटीत कुस्करली, कोमट पाण्यात विरघळवली आणि चमच्यानं तिला पाजली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून ती प्यायली. वेदनेनं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी प्यायली. त्यानंतर तासाभरात तिला थंडी भरली. घोंगडीवर घोंगडी टाकली तरी खाट हलत होती. तेव्हा मला ती गोष्ट स्वच्छ दिसली जी तीन दिवस दिसत होती.

"आत्या, सांगलीला न्यायला पायजे. आत्ताच्या आत्ता."

"आगं, तापच हाय. दोन दिसानं उतरंल."

"उतरायचा न्हाई. डाक्टरांनी सांगितलंय." आत्यानं माझ्याकडं बघितलं, पण विचारलं नाही. ती उठली आणि लुगडी बांधायला लागली.

आटपाडीवरून सांगलीला जाणारी एसटी मिळाली. विटा, तासगाव, प्रत्येक स्टँडवर गाडी थांबायची आणि मला वाटायचं आता सुटतच नाही. आई आत्याच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती, तोंडाला पदर. उसाच्या गाड्या पुढं आल्या की आमची गाडी त्यांच्या मागं रांगायची. उसाचा गोड वास खिडकीतून यायचा. अजूनही तासगावच्या पुढं तो वास आला की मी खिडकी लावून घेते.

थोरल्या डॉक्टरांनी आईचं तोंड बघितलं, ताप बघितला आणि नर्सला फक्त एवढं म्हणाले, "रक्त. लगेच." मग टाच बघितली. ठिपका दाबला तेव्हा आई खाटेवर उसळली.

"हा काटा कधीचा?"

"आठ दिस झालं असतील," आत्या म्हणाली. "पर हळद लावून सोच्छ ठिवलाय. पू झाला न्हाई."

"स्वच्छ नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "तिथं कुणी आलंच नाही."

रक्ताचा कागद आला. तो वाचून त्यांनी चष्मा काढला. पांढऱ्या पेशी माणसाला सात-आठ हजार असतात, आईच्या सातशे होत्या, आणि त्यांत जंतूंवर धावून जाणाऱ्या जवळजवळ नव्हत्याच. हाडाच्या पोकळीत त्या तयार होतात, फार तर दोन-चार दिवस टिकतात, रोज नव्या याव्या लागतात. गोळीनं ते काम थांबवलं होतं. डॉक्टर माझ्याकडं वळले. मी त्यांना आठवत होते.

"मी तुला लिहून दिलं होतं."

खोलीत आत्या होती, नर्स होती, आणि खाटेवर आई होती. तिला बोलता येत नव्हतं.

मी म्हणाले, "मी आईला सांगितलं हुतं."

डॉक्टरांनी आईकडं बघितलं. "सांगितलं होतं हिनं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तापानं डोळे लाल झाले होते. मग तिनं मान हलवली. हो.

"काय म्हणावं तुम्हा लोकांना," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि इंजेक्शनं लिहायला लागले.

तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जायचं तर तोंडाला फडकं, हात साबणानं धुतलेले, आणि एका वेळी एकच माणूस. पाणी उकळलेलं. खायला फक्त ताजी, गाळलेली पेज, तीही दोन चमचे गेली तर गेली. गोळी बंद झाल्यानं चार दिवसांतच तिचे हात पुन्हा थरथरायला लागले. पांघरुणावर बोटं हलताना दिसायची. डॉक्टर म्हणाले, "ते नंतर बघू. आधी पेशी येऊ देत." कधी येतील? "आठ दिवस, दहा दिवस. तोवर तिला टिकवायचं." येतीलच का, हे मी विचारलं नाही.

आबांना निरोप पाटणच्या स्टँडवरून गेला. एका कंडक्टरनं कुणाला सांगितलं, त्यानं कुणाला, आणि चौथ्या दिवशी ते आले. खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल पटका, अंगाला मेंढरांचा वास. सिस्टरनं त्यांना आत सोडलं नाही. ते खिडकीपाशी उभे राहिले. आत्यानं त्यांना सगळं सांगितलं होतं, म्हणजे तिला जे माहीत होतं ते. आबा खिडकीचे गज धरून म्हणाले, "एवढं सांगितलं हुतं तर ऐकायचं न्हाई व्हय गं? पोरीचं बी ऐकायचं न्हाई?" त्यांचा आवाज चढला नव्हता. पण आईनं तोंड भिंतीकडं केलं. मी खोलीच्या आत होते, हातात पेजेची वाटी होती. पेज गार झाली.

रोज सकाळी आईच्या रक्ताची बाटली घेऊन प्रयोगशाळेत जायचं काम माझ्याकडं आलं. तिथं मुजावरभाऊ होते, चाळिशीचे, पानानं ओठ लाल, सतत गुणगुणणारे. ते काचेवर रक्ताचा थेंब पसरवायचे, रंग द्यायचे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे आणि हातातल्या यंत्राची बटणं दाबत पेशी मोजायचे. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात. आईच्या काचेवर शंभर सापडतच नव्हत्या. सातशेचा आकडा दुसऱ्या दिवशी पाचशे झाला, मग चारशे, मग पुन्हा चारशे. मुजावरभाऊंची गुणगुण आईची काच लावली की बंद व्हायची. तेवढ्यावरून मला आकडा कळायचा.

एकदा आबा माझ्याबरोबर आले. मुजावरभाऊंनी त्यांना दुसऱ्याच कुणाची तरी काच दाखवली, भरलेली. समजावून सांगितलं. काटा मोडला की तिथलं मांस हाका मारतं. रक्ताच्या नळ्या सैल होतात, पांढऱ्या पेशी नळीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, हाकेच्या दिशेनं जातात आणि जंतू गिळतात. गिळून तिथंच मरतात. तो पू. ती गर्दी म्हणजेच सूज, लाली आणि ठणका. "आपण म्हणतो जखम बिघडली. अवो, तो तर राखणीचा धिंगाणा असतो."

आबा बराच वेळ काचेकडं बघत होते. "म्हंजी मेंढरांच्या वाड्यावर कुत्री न्हाईत," ते म्हणाले. "लांडगा आला तरी भुकायला कुनी न्हाई."

"तसंच समजा."

आबांनी पटका सारखा केला. "कुत्री आपल्याच हातानं मारली म्हनायची." ते आईबद्दल बोलत होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते.

पुढं मी शिक्षिका झाले, साताऱ्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पू म्हणजे काय, असं विचारलं की पोरं नाक मुरडायची. मी त्यांना मुजावरभाऊंचं सगळं सांगायची. फक्त एक गोष्ट कधी सांगितली नाही. आता रक्ताचा अहवाल माझ्या मोबाइलवर येतो, आकड्यापुढं लाल बाण असतो, वर किंवा खाली. परवा नातीला ताप आला तेव्हा पांढऱ्या पेशींपुढचा बाण वर होता आणि सून घाबरली. मी म्हणाले, वर आहे ना, मग बरं आहे, लढतायत. तिला वाटलं म्हातारी शिक्षिका आहे, म्हणून माहीत असेल.

नवव्या सकाळी मुजावरभाऊ काच लावून बसले आणि नेहमीसारखे गप्प झाले. मग त्यांचं बटण वाजलं. पुन्हा वाजलं. मग सलग. त्यांनी मान वर न करता मला हाक मारली. "ये. डोळा लाव. काही हलवू नको."

फिक्या गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत एक मोठी पेशी होती. आत जांभळा, वाकलेला, घेवड्याच्या दाण्यासारखा डाग. थोडं पलीकडं आणखी एक.

"कोवळ्या आहेत," मुजावरभाऊ म्हणाले. "नुकत्या बाहेर पडलेल्या. आल्या, बेटा."

आकडा अकराशे. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि पुन्हा गुणगुणायला लागले. मी पळत निघाले. अंगणात कडुलिंबाखाली आबा बसले होते, रुग्णांच्या नातेवाइकांत, भाकरीचं फडकं न सोडता पुढ्यात ठेवून. त्यांच्यापाशी पोचायच्या आधीच मी थांबले. कारण मला कळलं, पेशी आल्या म्हणजे घसा बरा होणार. घसा बरा झाला की आई बोलणार. आणि ते कळताच मला एक क्षण, फक्त एक क्षण, भीती वाटली. आई बरी होण्याची. त्या क्षणाची मला आयुष्यात जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही. मी आबांच्या पुढ्यात बसले, कागद त्यांच्या हातात दिला नाही.

"आबा, मी आईला सांगितलंच नव्हतं."

त्यांना आधी समजलं नाही. "काय सांगितलं नव्हतं?"

"डाक्टरांचं. घसा दुखला तर गोळी बंद करायची. मी कुणालाच सांगितलं न्हाई. ती गोळ्या टाकून देईल म्हणून."

बाजूची बाई पोराला भात भरवत होती. ती थांबली, मग पुन्हा भरवायला लागली.

"गोळी कोन देत हुतं?" आबांनी विचारलं.

"मी."

"घसा दुखाय लागल्यावर बी?"

"व्हय."

"कवापतूर?"

"सोमवारच्या दुपारपतूर. तिला गिळता येत नव्हतं. मी कुस्करून दिली."

मला वाटलं ते मारतील. मी गाल पुढंच धरला होता म्हणा ना. आबांनी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली, परत बांधली. "आनि मी तिला खिडकीतनं बोललो," ते शेवटी म्हणाले. "तिनं भिताडाकडं त्वांड केलं." मग हात पुढं करून कागद घेतला. "ह्ये काय हाय?"

"पेशी आल्या."

त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते कागदाकडं बघत राहिले. "तिला तू सांगायचं," ते म्हणाले. "मी सांगनार न्हाई. आन् ती बोलाय लागायच्या आत सांगायचं."

पण तिला सांगण्यासारखी स्थितीच राहिली नाही. त्याच संध्याकाळी आईचा ताप वाढला. दुसऱ्या सकाळी टाच लालभडक, फुगलेली, हात लावू देईना. गळा बाहेरूनही सुजला. ती विव्हळायला लागली, नऊ दिवस जी गप्प पडून होती ती. आत्या पायरीवर बसून रडत होती की वैनी हातची गेली. मी डॉक्टरांच्या मागं पळत गेले. त्यांनी टाच बघितली, सावकाश, सगळ्या बाजूंनी, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं.

"आता दुखणारच. कामाला लागल्यात त्या. दोन दिवस कळ काढायला सांग तिला."

दोन दिवस तिनं कळ काढली. आकडा अडीच हजार झाला, मग पाच, मग एकदम चौदा. टाच फुटली, घट्ट पिवळा पू आला आणि त्यात काट्याचं काळं टोक. सिस्टरनं ते कापसावर घेऊन मला दाखवलं. त्या दिवशी ताप पहिल्यांदा उतरला. आई झोपली, खरी झोप, तोंड थोडं उघडं टाकून. मी फडकं तोंडाला बांधून तिच्या उशाशी बसले आणि ती जागी व्हायची वाट बघितली. दुपार कलली होती. खिडकीबाहेर आबांचा पटका दिसत होता. ते पाठमोरे उभे होते, पण जात नव्हते.

तिनं डोळे उघडले तसं मी सांगायला लागले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कागद, भूगोलाचं पुस्तक, आत्यानं पाहिलेले दोन फोड, वाटीत कुस्करलेली गोळी. मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. ती ऐकत होती. तिची बोटं पांघरुणावर थरथरत होती. माझं संपल्यावर तिनं गिळून बघितलं, घसा चाचपला. मग बोलली. आवाज तिचा नव्हता, खरखरीत, कुणी वाळूवरून काही ओढावं तसा.

"म्हाईत हाय मला."

"कवापासनं?"

"डाक्टरनं इच्यारलं तवाच. तू माझ्याकडं न बघता बोललीस."

"मग मान का हलवलीस?"

ती थोडा वेळ दम घेत राहिली. "मी जगनार न्हाई असंच वाटत हुतं. म्हनलं, मेले आन् समद्यांस्नी कळलं, तर ही पोर जलमभर त्येच ऐकत ऱ्हाईल. मेल्या मानसाला कुनी बोल लावत न्हाई. लागू दे मला."

मी तिच्या हातावर डोकं ठेवायला वाकले तर तिनं हात काढून घेतला.

"पर आता मी जगले," ती म्हणाली. "तवा आता बोलनार. आदी पानी दे."

मी उकळलेलं पाणी चमच्यानं दिलं. चार चमचे प्यायली. मग ती बोलायला लागली. त्या फुटक्या आवाजात, तीन शब्दांनी थांबत, पुन्हा पाणी मागत, ती मला दिवेलागणीपर्यंत बोलत होती. मी कशी चुकले, कुठं कुठं चुकले, तिला काय वाटलं असेल याचा मी विचार केला का, आबांपुढं तिला मान खाली घालायला लावली, आत्याला फसवलं, डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोलले. एकही गोष्ट तिनं सोडली नाही. सिस्टर दोनदा आत डोकावून म्हणाली की बाई, घशाला त्रास होईल, आणि आईनं दोन्ही वेळा हातानं तिला जायला सांगितलं. खिडकीपाशी आबा उभे होते. ते मधे पडले नाहीत. आणि मी तिथं, तोंडाला फडकं बांधून, हातात चमचा धरून उभी राहिले आणि ऐकत राहिले, आणि मनात एवढंच होतं की तिनं थांबू नये.